बसलेल्यांचा रकाना

माझं अक्षर चांगलं आहे, त्यातच माझा घात झाला. अक्षर वाईट असतं तर शाळेनं मला प्रयोगशाळेतल्या बाटल्या पुसायला ठेवलं असतं आणि मी सुखानं म्हातारी झाले असते. पण तेव्हाचे मुख्याध्यापक माझा अर्ज वाचून म्हणाले, "हे अक्षर आपल्या वह्यांत पाहिजे." झालं. गेली अठ्ठावीस वर्षं या शाळेत कोण आलं, कोण गेलं, कोण पास, कोण नापास, सगळं माझ्या हातचं. मुलं मला ऑफिसच्या बाई म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे, पण ते इथं सांगायची गरज नाही.

माझ्या वह्यांतली सगळ्यात पातळ वही शपथेची. रोज सकाळी घंटा झाली की सगळी शाळा मैदानावर रांगा करते, झेंडा वर चढतो आणि मुलं उजवा हात पुढे करून शपथ म्हणतात. "या भूमीनं मागितलं ते देईन, मागेल तेव्हा देईन, का म्हणून विचारणार नाही." एवढंच. पंधरा सेकंदही लागत नाहीत. वहीत तीन रकाने आहेत: हजर, उभे, बसून. तिसरा रकाना का, तर फार वर्षांपूर्वी वरच्या कोर्टात कुणाचा तरी खटला चालला आणि निकाल लागला, की ज्या मुलाला शपथ घ्यायची नसेल त्यानं गप्प बसून राहावं, त्याला कुणी उठवू नये की शिक्षा करू नये. माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याचं परिपत्रक आलं. मीच ते आवक वहीत चढवलं, मीच फाइलला लावलं आणि मीच कपाटात ठेवलं. कुणी मागितलं असतं तर काढून दिलं असतं. मागितलं नाही कुणी.

'बसून'च्या रकान्यात मी रोज शून्य लिहिते. खरं सांगायचं तर रोज नाही. सोमवारी सकाळी येते, पेनात शाई भरते आणि शनिवारपर्यंतची सहा शून्यं एका दमात काढून ठेवते. हजर किती, उभे किती, हे आकडे रोजच्या रोज भरायचे, पण शून्य काय, ते शून्यच असणार. माझी शून्यं बघण्यासारखी असतात, बांगडीसारखी गोल. आणि माझ्या वहीत खाडाखोड नसते. फाटकावर पितळी पाटी आहे, 'शंभर टक्के उभी शाळा'. तपासणीसाहेब ती पाटी बघून आत येतात आणि माझी वही बघून बाहेर जातात.

यंदा माझी नात पाचवीत गेली. लेकीची मुलगी. तिला सगळे खडू म्हणतात, कारण रांगत होती तेव्हा तिनं माझ्या पिशवीतला अख्खा खडू चावून खाल्ला होता. जावई बोटीवर असतो, वर्षातून दोनदा तोंड दाखवतो, म्हणून लेक आणि खडू माझ्याकडेच राहतात. खडूच्या तोंडाला सुट्टी माहीत नाही. तिला पाण्याचा पेला दे म्हटलं तर आधी विचारणार, कुणाला, का, तो स्वतः का घेत नाही. माझी लेक अगदी उलटी. टपाल कचेरीत पत्रं वेगळी करते. तिथले सगळे मला सांगतात, तुमची लेक कधी कुणाला नाही म्हणत नाही. कुणाची पाळी घ्यायची असो, कुणाचं ओझं उचलायचं असो, ती तयार. ऐकून मला बरं वाटायचं. फक्त तिला काय आवडतं असं कुणी मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

शाळा सुरू होऊन महिना झाला असेल. रविवारी जेवताना खडूनं विचारलं, "आजी, शपथ म्हणजे वचन ना?"

"हो."

"आणि वचन दिलं की पाळावं लागतं?"

"लागतं तर."

"मग काय मागणार आहेत ते त्यांनी आधी सांगायला नको?"

मी म्हटलं, "गप जेव." लेक मऊ आवाजात म्हणाली, "सगळे म्हणतात ना, मग आपणही म्हणावं." खडूनं आईकडे जरा वेळ बघितलं आणि पानातला बटाटा पुढे सरकवला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सोमवारी शपथेच्या वेळी मी खिडकीत उभी होते. माझ्या खिडकीतून सगळं मैदान दिसतं, आणि समोर पाण्याच्या टाकीखालचा कट्टाही दिसतो. खडू रांगेतून निघाली, कट्ट्यावर जाऊन बसली, हात मांडीवर ठेवले. ना आवाज, ना मस्ती.

मोठे सर दहा मिनिटांत ऑफिसात आले. मोठे सर म्हणजे आताचे मुख्याध्यापक. माणूस वाईट नाही, फक्त घाबरट आहे. म्हणाले, "बाई, मी काही तिचा कान धरून उठवणार नाही. कायदा मलाही माहीत आहे. पण बसलेल्याचं नाव महिन्याच्या पत्रकात वर जातं. मग चौकशीला माणसं घरी येतात. तुमचीच नात, तुमचीच वही. काय ते बघा."

मी वही बघितली. सोमवारचं शून्य काढून झालं होतं. ते खोडायचं म्हणजे शेजारी सही, तारीख, कारण, आणि पोरीचं नाव. उगाच आपलं लेकरू कशाला पुढे करायचं? मी शून्य तसंच राहू दिलं. तेवढ्यात कवायतीच्या बाई आकडा घेऊन आल्या. त्या रोज शपथ चालू असताना रांगांमधून फिरत डोकी मोजतात. "हजर तीनशे बारा," त्या म्हणाल्या, "उभे तीनशे बारा."

"तीनशे अकरा असतील," मी म्हटलं.

"दोनदा मोजले, बाई."

मी मनात म्हटलं, चष्मा बदलायला झालाय हिचा. तीनशे बारा लिहिलं. हिशेब जुळला आणि मी वही मिटली.

मंगळवारी मी स्वतः मोजले. खडू कट्ट्यावर होती, मला ती स्पष्ट दिसत होती. रांगांमध्ये तीनशे बारा. पाचवीच्या रांगेत सातवी जागा खडूची. ती रिकामी असायला हवी होती. तिथं दोन वेण्यांची एक मुलगी पाठमोरी उभी होती, हात सरळ पुढे. मला वाटलं, मागची पोर पुढे सरकली असेल. पण मग शेवटी एक जागा कमी पडायला हवी ना? पडली नव्हती.

त्या संध्याकाळी खडू म्हणाली, "तिथं आणखी एक मुलगी बसते माझ्याजवळ."

"कोणत्या वर्गातली?"

"विचारलं. सांगत नाही. पण छान आहे."

मी कट्ट्यावर दुसरं कुणी पाहिलं नव्हतं. एकटी बसते म्हणून बनवतेय असं समजून मी सोडून दिलं.

दुसऱ्या आठवड्यापासून वेगळंच सुरू झालं. आधी पाचवीच्या वर्गबाई भेटल्या. "तुमच्या नातीत किती फरक पडला हो. शपथ काय खणखणीत म्हणते. वर्गात हूं की चूं नाही." मी म्हटलं, ती तर बसते. बाई माझ्याकडे बघून हसल्या, म्हातारीला विसर पडायला लागला असं तोंड करून. मग खडूची गृहपाठाची वही बघितली. शेवटची चार पानं सुरेख अक्षरात, एक काना वाकडा नाही. खडूचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरावं तसं. मी विचारलं, "कुणी लिहिलं हे?" खडू म्हणाली, "माहीत नाही. मी लिहायला वही उघडते तेव्हा आधीच लिहिलेलं असतं. आणि आजी, मी हात वर केला तरी बाई मला विचारतच नाहीत."

घरीही तसंच. एका संध्याकाळी लेकीनं दोन ताटं घेतली. आम्ही तिघी स्वयंपाकघरात, आणि ताटं दोन. मी म्हटलं, "अगं, पोरीचं?" लेक वळली. खडू तिच्यासमोरच्या खुर्चीत बसली होती, पाय हलवत. लेकीची नजर खुर्चीवर गेली, मग मागच्या भिंतीवर, मग परत खुर्चीवर. खडू तिला सापडेपर्यंत बराच वेळ गेला. "अरे हो," ती म्हणाली आणि तिसरं ताट काढलं. खडू काही बोलली नाही. खडू काही बोलली नाही याचीच मला जास्त भीती वाटली.

मी तिला म्हणालेही, "राणी, राहा ना उभी. ओठ नुसते हलव. कोण बघतंय?" ती म्हणाली, "पण मग माझी जागा कुठाय, आजी? तिथं कुणीतरी उभं असतं."

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी शाळा सुटली तेव्हा मी फाटकाशी थांबले होते. रणरणतं ऊन होतं. खडू आली, दप्तर पाठीवर, वेण्या नीट, गणवेशावर शाईचा डागसुद्धा नाही. माझ्याजवळ येऊन गप्प उभी राहिली. मी म्हटलं, "दप्तर दे इकडे." तिनं दिलं. खडू दप्तर द्यायच्या आधी तीन वेळा 'का' म्हणते. मी म्हटलं, "रिबिनी दे." तिनं वेण्या सोडून रिबिनी दिल्या. मी म्हटलं, "बूट दे." ती खाली बसली, बंद सोडले, बूट आणि मोजे काढून माझ्या हातात दिले आणि तापलेल्या फरशीवर अनवाणी उभी राहिली.

"पाय भाजतायत?"

"हो."

"मग दिलेस कशाला?"

"मागितलेस म्हणून."

चेहरा खडूचाच. हनुवटीवरचा तीळही तिथंच. मी जे मागेन ते देण्यासाठी ती माझ्याकडे बघत होती, आणि मला काही मागायची भीती वाटू लागली. मी पाठ फिरवली आणि या वयात, या गुडघ्यांनी, मैदानाकडे धावले.

खडू कट्ट्यावर बसली होती. गणवेश मळलेला, एक वेणी सुटलेली, पायात बूट. माझ्या हातात बघितलं तर हात रिकामे. फाटकाकडे बघितलं तर तिथं कुणी नव्हतं.

"किती हाका मारल्या मी," खडू म्हणाली. तिचा आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा बारीक येत होता. "सगळे निघून गेले. शिपाईमामा माझ्यावरूनच झाडू फिरवून गेले. आजी, तुला मी दिसते ना?"

मी तिला छातीशी धरलं. तिला ऊब होती, पण तिचं वजन लागत नव्हतं. मी रडले, खोटं कशाला बोलू? ती मला थोपटायला लागली. म्हणाली, "मी एकटी नव्हते. ती होती ना. ती तर घरीच जात नाही. तिच्या एका बुटाला बंदही नाही, नुसती लाल नाडी आहे. तुझ्या फायलींना असते तशी."

मी तिथंच कट्ट्यावर बसले.

सव्वीस वर्षांपूर्वी माझी लेक याच शाळेत पाचवीत होती. एका सोमवारी घंटा झाली आणि तिच्या उजव्या बुटाचा बंद तुटला. मी टेबलावरच्या फायलीची लाल नाडी ओढून काढली, बुटात ओवली आणि म्हटलं, संध्याकाळी नवा बंद आणू, पळ आता. त्याच दिवशी ती कट्ट्यावर जाऊन बसली. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. का बसली ते मला माहीत नाही. मी विचारलंच नाही. नवरा जाऊन चार महिने झाले होते, नोकरी कच्ची होती, आणि आठवड्याची शून्यं काढून झाली होती. गुरुवारी संध्याकाळी लेक घरी आली ती शहाणी होऊनच आली. वाढलं ते जेवली, सांगितलं तेव्हा झोपली. मी म्हटलं, सुटले बाई. तिच्या दोन्ही बुटांत काळे बंद होते. ते मी तेव्हा बघितलं होतं. मला वाटलं, कुणा शिक्षिकेनं दिला असेल.

शुक्रवारी घंटेच्या आधी तासभर मी शाळेत पोचले. खडूचा हात माझ्या हातात होता, तो मी सोडलाच नव्हता. जुन्या वह्यांच्या कपाटातून त्या सालची शपथेची वही काढली. माझी शून्यं, बांगडीसारखी गोल, ओळीनं सहा. मग परिपत्रक शोधलं. पहिला परिच्छेद मला पाठ होता. दुसरा मी अठ्ठावीस वर्षांत धड वाचला नव्हता. त्यात लिहिलं होतं: 'जे मूल बसलेले असेल त्याची नोंद बसलेले अशीच करावी. बसलेल्या मुलाला कोणत्याही कारणाने उभे मोजू नये. असे मोजल्यास होणाऱ्या परिणामास नोंद करणारी व्यक्ती जबाबदार राहील.' मी हे सरकारी पाल्हाळ समजत आले होते. ज्यानं लिहिलं त्यानं काहीतरी पाहिलं असलं पाहिजे.

घंटा झाली. खडू कट्ट्यावर गेली. मी वही आणि परिपत्रक घेऊन ऑफिसातून बाहेर पडले आणि सरळ माइकपाशी गेले. झेंडा वर चढत होता. मोठे सर पुटपुटले, "बाई, काय चाललंय? तुमच्या निवृत्तीला सात महिने राहिलेत." मी म्हटलं, "तेवढे पुरतील."

मी परिपत्रक वाचलं, दोन्ही परिच्छेद. तीनशे मुलांसमोर, मोठ्यानं वाचलं. मग वही उघडली, शुक्रवारचं शून्य खोडलं आणि तिथंच उभ्या उभ्या लिहिलं. लिहिता लिहिता बोलले, "बसून, एक." खडूचं पूर्ण नाव लिहिलं, सही केली. कारणाच्या जागी लिहिलं, तिची इच्छा. मग खडू बसली होती त्या मागच्या सगळ्या दिवसांची शून्यं खोडली. माझ्या वहीतली पहिली खाडाखोड. पान अगदी घाण झालं.

मान वर केली तेव्हा पाचवीच्या रांगेत सातवी जागा रिकामी होती. ती जाताना कुणालाच दिसली नाही. सहावी मुलगी आणि आठवी मुलगी, मध्ये हातभर ऊन. कवायतीच्या बाई तिथं येऊन अडखळल्या, बोटावर मोजलं, आणि गोंधळून म्हणाल्या, "तीनशे अकरा." तेवढ्यात कट्ट्यावरून खडू मोठ्यानं शिंकली आणि अख्ख्या रांगा तिच्याकडे बघून हसल्या. सगळ्यांना ती दिसत होती. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

दुपारी मला नोटीस मिळाली. आठ दिवसांत कारणे दाखवा. तीही मला माझ्याच अक्षरात लिहायला सांगितली. मी लिहिली.

पण माझं चित्त त्यात नव्हतं. सव्वीस वर्षांपूर्वीची वही पिशवीत होती. ती चार शून्यं खोडून चार एक लिहिले की कट्ट्यावरची पोर सुटणार होती. आणि मग टपाल कचेरीतून जी घरी येते तिचं काय होणार, ते सकाळीच बघितलं होतं. रांगेत हातभर ऊन.

संध्याकाळी खडू शेजारी खेळायला गेल्यावर मी लेकीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. मी विचारलं, "तुला लहानपणचं सगळ्यात आधीचं काय आठवतं?"

"उभी असल्याचं," ती म्हणाली. "ऊन होतं. हात पुढे होता."

"त्याच्या आधीचं?"

"आधीचं तू सांगितलेलं. मला ते आठवत नाही."

मी वही उघडून तिच्यासमोर ठेवली, शेजारी पेन ठेवलं. म्हटलं, "हे खोडू का? तू सांग."

"जसं तू म्हणशील."

"मी म्हणत नाहीये. मी विचारतेय. तेव्हा विचारलं नव्हतं."

बाहेर खडू कुणाशी तरी भांडत होती, ते ऐकू येत होतं. लेकीनं हात उचलला. मला वाटलं, पेन देतेय. तिनं पंजा त्या पानावर दाबून धरला.

"नको," ती म्हणाली. मग परत म्हणाली, "आई, नको. मला खडूला मोठी झालेली बघायचीय."

सव्वीस वर्षांत ती मला पहिल्यांदा नाही म्हणाली. मी तिच्या हातावर हात ठेवला. हात ऊबदार होता, जड होता, टपालाच्या शाईनं बोटं काळी झालेली होती. कुणाची का असेना, ही माझी लेक होती. हिला मी भरवलं होतं, हिच्या बाळंतपणात मी रात्रभर जागले होते. मी वही मिटली आणि परत पिशवीत ठेवली. मग ती म्हणाली, "आज स्वयंपाक तू कर. मला कंटाळा आलाय." मी उठले आणि केला.

शनिवारी सकाळी शाळेत जाताना मी दुकानातून काळ्या बंदांची जोडी घेतली. वहीत हजर तीनशे बारा लिहिलं. 'बसून'पुढे खडूचं नाव लिहिलं, आणि त्याच्या खाली, लग्नाआधीचं आडनाव लावून, माझ्या लेकीचं. मोठे सर खांद्यावरून बघत होते. म्हणाले, "ही दुसरी कोण? हजेरीत नाही."

"हजर आहे," मी म्हटलं. "सव्वीस वर्षं हजर आहे."

त्यांनी कपाळावर हात मारला आणि ते निघून गेले. नोटिशीत आणखी एक कलम वाढेल. वाढू दे.

घंटा झाली. मी खिडकीत उभी राहिले नाही. खिडकीपासून कट्टा तीस पावलं आहे, ती मी त्या दिवशी मोजली. इतकी वर्षं ती तिथून माझ्या खिडकीकडे बघत असणार आणि मी मान खाली घालून शून्यं काढत असणार. मी जाऊन कट्ट्यासमोर जमिनीवर बसले. मागे झेंड्याची दोरी कुरकुरत होती, मुलांनी हात पुढे केले होते. मला खडू दिसत होती आणि तिच्या डावीकडे नुसता सिमेंटचा कट्टा.

"आहे?" मी विचारलं.

"आहे," खडू म्हणाली. "तुझ्याकडेच बघतेय."

मला खूप बोलायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "नवा बंद आणलाय गं. उशीर झाला."

"पाय पुढे केलाय तिनं," खडू म्हणाली. "अजून खाली, आजी. हां, तिथं."

माझ्या मागे सगळी शाळा म्हणत होती, मागितलं ते देईन. मी हवेत बोटं फिरवत होते, आधी जुनी नाडी सोडल्यासारखी, मग नवा बंद एकेका भोकातून ओवल्यासारखा. खडू सांगत होती, आता उजवीकडून, आता वरचं. शेवटी मी दुहेरी गाठ मारली, सुटू नये अशी. मग जपून हात बाजूला घेतले. बंद जमिनीवर पडला नाही. कट्ट्यापासून वीतभर खाली, जिथं मी बांधला होता, तिथंच राहिला, आणि थोडासा हलला, पोरं बसल्या बसल्या पाय हलवतात तसा.